कसबाची मक्तेदारी कोणाच्या हिताची?

कंत्राटी पोराला काम शिकविले तर उद्या आपली जागा त्यालाच मिळेल, ही भीती अनेक कारखान्यांतील कायम कामगारांच्या मनात घर करून आहे. यंत्राचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा जुना फिटर नव्या मुलाला पाना आणावयास सांगतो. त्यापुढचे सांगत नाही. त्याला स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ही भीती निराधार नाही. कमी मजुरीत तेच काम करून घेण्याची सोय मालकवर्गाने मुद्दाम उभी केली आहे.

कामगाराच्या कसबाची किंमत मालकवर्गाने फार पूर्वीच ओळखली. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलरने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात कामगारांजवळचे परंपरागत ज्ञान गोळा करून ते व्यवस्थापनाच्या हाती आणण्याचा कार्यक्रमच मांडला. तेव्हा मालकापासून कसब राखणे समजण्यासारखे आहे. सोबत्यापासून ते लपविणे ही अगदी वेगळी गोष्ट होय.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतीत कटू आहे. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. एवढे निमित्त पुरले आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याची दारे बंद राहिली. हा विटाळ पाळला तो सवर्ण विणकरांनी, म्हणजे कामगारांनीच. १९२८ साली माणसे कमी करून उरलेल्यांवर अधिक साचे लादण्याच्या योजनेविरुद्ध सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे डॉ. आंबेडकरांना ठेवावा लागला, हे पक्षसभासदांनी विसरता कामा नये.

आज त्या बंद दाराबाहेर कंत्राटी कामगार उभा आहे. कंत्राटी पद्धतीला मनाई झाली तरी तो आपोआप कायम होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात दिला. टाकी साफ करावयास बहुधा त्यालाच उतरवितात. आत वायू साचलेला असू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे तो कायम कामगार वरच असतो. येथील मौन सोबत्याच्या जिवावर बेतते.

म्हणून युनियनच्या मागणीपत्रकात समान कामाला समान वेतनाची मागणी आधी यावी. त्यावाचून शिकविण्याचा उपदेश जुन्या कामगाराला पटणार नाही. कंत्राटी कामगारांना सभासदत्व खुले करावे, आणि खातेनिहाय बैठकांत धोक्याच्या कामांची माहिती बिहार-ओडिशातून आलेल्या मजुरालाही समजेल अशा भाषेत, जुन्या कामगारांच्याच तोंडून दिली जावी.