अजून हरलो नाही, हीच तर काळजी!

२०२४ चा नोव्हेंबर अर्धा सरलाय आणि आमच्या डेन्व्हर विद्यापीठाची आइस हॉकी टीम या सीझनमध्ये अजून एकही मॅच हरलेली नाही. त्यामुळे कँटीन असो, लायब्ररी असो की लिफ्ट, सगळीकडे एकच चर्चा : यंदाही ट्रॉफी आपलीच! मी या टीमची कट्टर फॅन आहे. इथे मास्टर्सला आल्यापासून अभ्यासाच्या खालोखाल वेळ मी हॉकीलाच दिलाय. तरी या जल्लोषात मला मनापासून सामील होता येत नाहीये. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या विजयांवरून एप्रिलचा निकाल सांगणं म्हणजे आयपीएलच्या पहिल्या दोन आठवड्यांचं पॉइंट टेबल बघून ट्रॉफी वाटून टाकणं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि चेंडू. इथे मैदानाच्या जागी बर्फ आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, तिला म्हणतात पक. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण आणि २०-२० मिनिटांचे तीन पीरियड. जीव खाऊन स्केटिंग करायचं असल्यामुळे पाऊण-एक मिनिटात खेळाडू बदलतात. म्हणजे एक-दोन स्टार असून भागत नाही, अख्खी बेंच तयार लागते.

आता आमचं वेड किती जुनं आहे ते सांगते. अमेरिकन कॉलेज म्हटलं की डोळ्यांसमोर फुटबॉल येतो. आमच्याकडे फुटबॉलची टीमच नाही! विद्यापीठाने ती १९६१ मध्ये बंद केली. त्यामुळे कॅम्पसचा सगळा जीव हॉकीत. २०२४ पर्यंत पुरुषांच्या हॉकीत डेन्व्हरच्या नावावर दहा राष्ट्रीय विजेतेपदं जमा झाली होती. इतकी दुसऱ्या कुठल्याच कॉलेजकडे नव्हती. मिशिगन नऊवर होतं.

यातलं दहावं आलं ते १३ एप्रिल २०२४ ला. फायनलमध्ये समोर होतं अव्वल मानांकित बॉस्टन कॉलेज. त्यांच्याकडे एनएचएल ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडलेली पोरं ओळीने उभी होती. आम्ही जिंकलो २-० ने. पण त्या आधीचे तीन स्कोअर बघा : मॅसॅच्युसेट्सविरुद्ध डबल ओव्हरटाइममध्ये २-१, कॉर्नेलविरुद्ध २-१ आणि बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये २-१. सीझनभर गोलांचा पाऊस पाडणारी टीम नॉकआउटमध्ये मॅचला दोन गोलांवर आली आणि तरीही जिंकली. कारण गोलकीपर मॅट डेव्हिसने चार मॅचमध्ये मिळून फक्त तीन गोल होऊ दिले.

माझं म्हणणं एवढंच आहे. आत्ताच्या मॅच बघताना आपण गोल मोजतोय, पण ट्रॉफी बचावावर मिळते.

पुढची फळी खरंच जबरदस्त आहे. जॅक डिव्हाइनने मागच्या सीझनला ४४ मॅचमध्ये ५६ पॉइंट घेतले (गोल आणि असिस्ट मिळून). फ्लोरिडा पँथर्सने त्याला २०२२ मध्येच ड्राफ्ट केलंय, तरी तो चौथ्या वर्षासाठी कॉलेजमध्ये थांबला. झीव्ह बुइअम हा डिफेन्समन असून पहिल्याच वर्षी ५० पॉइंट घेऊन बसला. जूनमध्ये मिनेसोटा वाइल्डने त्याला बाराव्या क्रमांकावर उचललं, तोही परत आला.

पण गेले कोण, तेही बघायला हवं. शॉन बेरन्स आणि झीव्हचा मोठा भाऊ शाय, म्हणजे मागचे दोन खंदे डिफेन्समन, दोघंही प्रो झाले. सेंटरला खेळणारा मासिमो रिझो गेला. सेमीफायनलचा ओव्हरटाइम गोल ज्याने मारला तो ट्रिस्टन ब्रॉझही गेला. बेमिजी स्टेटहून आलेला एरिक पोलकॅम्प ही मागे चांगली भर आहे. तरी एका माणसाने दोघांची जागा भरत नाही. अडचणीच्या वेळी आपण अजूनही ‘डेव्हिस आहे ना!’ म्हणून निवांत होतो. एकाच गोलकीपरवर सगळा भार टाकून एप्रिलपर्यंत जायचं, ही मला रिस्क वाटते.

आता कोणी म्हणेल, मग हे विजय फुकटच का? अजिबात नाही. राष्ट्रीय स्पर्धेत १६ टीम घेतात. सहा लीगचे विजेते थेट जातात, बाकीच्या दहा अख्ख्या सीझनच्या निकालांवरून ठरतात. तिथे ऑक्टोबरचा विजयही कामाला येतो. गाठीशी पुंजी जमतेय, ती चांगलीच. फक्त पुंजी म्हणजे ट्रॉफी नव्हे. लीगमधल्या नॉर्थ डकोटा, वेस्टर्न मिशिगन यांच्यासारख्या टीमशी एका गोलची आघाडी शेवटची पाच मिनिटं टिकवता येते का, यावर मी टीमला मार्क देणार.

आणि यंदाच्या टीमकडे नीट बघायला आणखी एक कारण आहे. ७ नोव्हेंबरला एनसीएएने निर्णय घेतला की, कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांनाही ऑगस्ट २०२५ पासून कॉलेज हॉकी खुली. तोवर त्यांना प्रोफेशनल ठरवून बाहेर ठेवलं जायचं. निर्णय मला पटतो. सोळाव्या वर्षी निवडलेल्या लीगची शिक्षा म्हणून कॉलेजची दारं बंद, हे बरोबर नव्हतंच. पण टीममधल्या जागा मोजक्याच आहेत. आयते तयार स्टार मिळू लागले तर चार वर्षं थांबून घडणाऱ्या पोरांचं काय?

आमचे कोच डेव्हिड कार्ल यांचीच गोष्ट घ्या. २००८ मध्ये ते डेन्व्हरकडून खेळायला येणार होते. तपासणीत हृदयाचा आजार निघाला आणि खेळणं कायमचं थांबलं. विद्यापीठाने तरीही स्कॉलरशिप काढून घेतली नाही. ते शिकता शिकता कोचिंगमध्ये मदत करू लागले, २०१८ मध्ये अवघ्या २८ व्या वर्षी हेड कोच झाले आणि २०२२ आणि २०२४ अशी दोन विजेतेपदं त्यांनी आणली. फक्त आजचा फॉर्म बघणाऱ्या कॉलेजला असा कोच मिळाला नसता.

म्हणून जिंकण्याच्या आकड्यात अडकू नका. एखादी मॅच हरलो तर लगेच ‘संपलं सगळं’ म्हणून स्टेटस टाकू नका. उलट डिसेंबरच्या आत एक सणसणीत पराभव झाला तर मला बरंच वाटेल. कुठे गळतंय ते वेळेत कळेल. हीच गळती एप्रिलमध्ये कळली, तर दुरुस्तीला वेळ नसतो.