विमान बांधू द्या

अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येकाने शिकत असताना एक तरी वस्तू अशी बनवावी, की तिच्यात खोट राहिली तर ती त्याच्या स्वतःच्या जिवावर बेतेल. हे मी विचार करून लिहिते आहे. माझ्या गॅरेजमध्ये सध्या एक दोन आसनी लाकडी विमान उभं आहे आणि मी त्याच्या रडरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूची, पेडलं बसवते आहे. या कामाने माझं मत पक्कं केलं.

मी मूळची कोल्हापूरची. उद्यमनगरात आबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनत. आता बरीच वर्षं मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनजवळ राहते. घरी विमान बांधायला इथे कायद्याची मान्यता आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं हवं आणि ते शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं हवं, ही मुख्य अट. शिक्षणासाठी विमान बांधता येतं हे एका देशाने कायद्यातच लिहून ठेवावं, याचं मला फार मोल वाटतं.

माझं विमान आहे पिएटनपोल एअर कॅम्पर. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात राहणाऱ्या बर्नार्ड पिएटनपोल यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकून ते रचलं आणि 1929 मध्ये त्यात फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन घालून उडवलं. मोटारीच्या इंजिनावर विमान उडणार नाही, असं एका मासिकाच्या संपादकाचं ठाम मत होतं. पिएटनपोल आणि त्यांचा साथीदार दोन विमानं घेऊन थेट मिनिआपोलिसला उतरले आणि संपादकाला ती दाखवली. पुढे त्याच मासिकाने नकाशे छापले. त्या नकाशांवरून आजही लोक विमानं बांधतात आणि दर जुलैला विस्कॉन्सिनमधल्याच ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर ती घेऊन जमतात.

हे विमान 'टेलड्रॅगर' जातीचं. मुख्य दोन चाकं पुढे, एक लहान चाक शेपटीखाली, आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. सगळी गोम या शेवटच्या गोष्टीत आहे. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं. जमिनीवर धावताना ते जरा वाकडं गेलं तर आपोआप सरळ होऊ पाहतं. टेलड्रॅगरमध्ये मागचं वजन पुढे यायला बघतं, त्यामुळे वाकडेपणा वाढतच जातो. पायाने वेळीच आवरलं नाही तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. शिवाय एअर कॅम्परमध्ये चालक मागच्या आसनावर बसतो. जमिनीवर असताना नाक वर असल्यामुळे त्याला समोरचं दिसतच नाही. पायांनी नागमोडी वळणं घेत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून डोकावत पुढे जावं लागतं. अशा विमानात पेडलं दुय्यम राहत नाहीत. चाकं थांबेपर्यंत पायांना उसंत नसते.

म्हणून बसण्यापासून सुरुवात करावी लागते. उडताना घालणार तेच बूट घालायचे, पट्टे आवळायचे, पाठ टेकवायची आणि मग पेडलांची जागा ठरवायची. डावं पेडल पूर्ण पुढे गेलं तरी गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे, आणि त्याच वेळी मागे आलेल्या उजव्या पेडलावरचा पाय अवघडता कामा नये. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात अर्ध्या इंचाने फरक पडतो, कारण प्रत्येकाची पोटरी वेगळी, पाऊल वेगळं. कारखान्यातलं विमान सरासरी माणसासाठी बनतं, हे माझ्या पायांसाठी बनतं आहे.

ब्रेकचाही निर्णय माझाच. मूळ नकाशात ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी घासणारी पट्टी असे, आणि गवतावर विमान थांबवायला तेवढी पुरे. डांबरी धावपट्टीवर ते भागत नाही. हल्ली बहुतेक विमानांत पेडलाच्या वरच्या टोकावर चवडा दाबून ब्रेक लागतो. मी मात्र टाचेने दाबायचे वेगळे ब्रेक घेतले. उतरताना गडबडीत रडर पूर्ण दाबलं आणि नकळत चवडाही दाबला गेला, तर हलकं टेलड्रॅगर नाकावर उभं राहू शकतं. टाच मुद्दाम हलवावी लागते. अनुभवी चालकांत यावर दोन तट आहेत आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मी ऐकून घेतलं आहे. माझं मत बदललं नाही.

खरी परीक्षा पेडलांना रडरशी जोडणाऱ्या केबलची. एक सूत, म्हणजे 1/8 इंच, जाडीच्या या पोलादी दोरात सात पेड असतात आणि प्रत्येक पेडात 19 तारा, म्हणजे एकूण 133. गॅल्व्हनाइज्ड असेल तर ती तुटायला 2,000 पौंडांचा, म्हणजे 900 किलोंच्या आसपास, ताण लागतो. पण टोकाला जो फासा करायचा, तो माझ्या हातचा. थिंबल नावाच्या पोलादी खोबणीभोवती केबल वळवायची, दोन्ही पदर तांब्याच्या एका नळीतून घ्यायचे आणि लांब दांड्यांच्या दाबयंत्राने ती नळी तीन ठिकाणी दाबायची. आधी मधोमध, मग थिंबलच्या बाजूला, शेवटी दुसऱ्या टोकाला. दाबताना तांबं लांबीत वाढतं, म्हणून केबलचं टोक नळीबाहेर थोडं आधीच ठेवायचं. मग पोलादी गेज लावून पाहायचं. दाबलेला भाग गेजच्या खाचेत बसला तर काम झालं, नाही बसला तर नुसत्या डोळ्यांना ते कितीही सुबक दिसो, चालणार नाही. त्यावरही अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या मार्गदर्शिकेची शिफारस अशी, की हा जोड विमानात बसवण्याआधी केबलच्या ताकदीच्या 60 टक्के ताणावर तपासून घ्यावा. माझ्या केबलला हा ताण 1,200 पौंड.

त्यापुढची कामं बारीक आहेत, पण एकही टाळता येत नाही. केबल लाकडाला कुठे घासते का हे पाहायचं. नुसत्या मार्गदर्शक कडीतून तिला तीन अंशांपेक्षा जास्त वळवायचं नाही; त्याहून अधिक वळण असेल तर पुली हवी आणि केबल निसटू नये म्हणून पुलीवर आडवी पिन हवी. केबलचा ताण जुळवणारं टर्नबकल ताणून झालं की त्याला लॉकिंग वायर, फिरणाऱ्या प्रत्येक सांध्यातल्या नटाला स्प्लिट पिन. पेडलांना स्प्रिंगा, म्हणजे पाय उचलला तरी केबल ढिली पडणार नाही. रडर किती वळावं याची मर्यादा शेपटीकडे, रडरपाशीच घालायची. ती फक्त पेडलाशी ठेवली तर मागून आलेल्या वाऱ्याचा तडाखा केबल आणि पेडलांना सोसावा लागतो. सगळं झालं की कोणाला तरी मागे उभं करून विचारायचं, की डावा पाय दाबल्यावर रडरची मागची कड डावीकडे जाते ना? हा प्रश्न बाळबोध नाही. दुरुस्तीनंतर उलट्या जोडलेल्या नियंत्रणांमुळे अनुभवी चालकांचेही जीव गेले आहेत.

इथल्या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेचे, ईएएचे, तांत्रिक सल्लागार असतात. बोलावलं की ते येतात, पैसे घेत नाहीत. माझ्याकडे येतात ते एका विमान कंपनीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. टॉर्च आणि दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा घेऊन ते पेडलांखाली आडवे झाले, प्रत्येक स्प्लिट पिनला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी स्वतःचा पेन पेडलांच्या फटीत टाकला आणि मला पाय हलवायला सांगितले. उडताना काहीतरी खाली पडणारच, ते अडकेल कुठे, हे त्यांना बघायचं होतं. ही दुसरी नजर मला सरकारी शिक्क्याइतकीच महत्त्वाची वाटते. शिक्का मारणारा अधिकारी शेवटी एकदा येतो, तोपर्यंत अर्ध्या गोष्टी विमानावर चढवलेल्या कापडाखाली झाकलेल्या असतात. त्याला भरवसा ठेवावा लागतो तो माझ्या नोंदवहीवर आणि फोटोंवर.

माझा भाचा महाराष्ट्रात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सगळं फोनवर ऐकून तो म्हणाला, "आत्या, आमच्याकडे प्रोजेक्ट तयार मिळतो. रिपोर्टसकट." त्याच्या आवाजात अभिमान नव्हता, खंत होती. मुलगा हुशार आहे. पण चार वर्षांत त्याच्या हाताला नटबोल्ट फारसा लागलेला नाही. यात त्याचा काय दोष?

आपल्याकडे स्वतः विमान बांधणारी माणसं नाहीत असं नाही. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी ते पाहिलं आणि नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. एवढी चिकाटी असलेला माणूस लाखांत एखादा. व्यवस्था अशी हवी, की साधारण चिकाटीच्या माणसालाही तिच्यातून वाट काढता यावी.

सुरक्षेचं काय, हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो झटकणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये अशा हौसेने बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला, तेव्हा कारखान्यातल्या तशाच विमानांपेक्षा यांचे अपघात जास्त आढळले, विशेषतः सुरुवातीच्या उड्डाणांत. मंडळाने त्यावर बंदी सुचवली नाही. चाचणी उड्डाणं अधिक शिस्तीत व्हावीत आणि चालकाला त्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण मिळावं, असं सुचवलं. माझ्या विमानालाही आधी साधारण 25 ते 40 तास, दाट वस्तीपासून लांब, प्रवाशाविना उडावं लागेल. आत शिरताना दिसेल असा 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागेल. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने तो वाचूनच बसायचं.

महाराष्ट्रात कराड, बारामती, धुळे इथे धावपट्ट्या आहेत. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर स्प्लिट पिना तपासलेले तंत्रज्ञ नाशिकमध्ये घरोघरी सापडतील. या दोन्हींच्या मध्ये अभियांत्रिकीची आणि आयटीआयची मुलं आहेत. एखाद्या विद्यापीठाने धावपट्टीकडेला एक शेड घ्यावी, लाकडी विमानाचे नकाशे आणावेत, ओझरच्या दोन काकांना मानधन देऊन बोलवावं आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पहिल्या दिवसापासून त्या शेडची नोंदवही तपासावी. पहिल्या सत्रात पूर्ण विमान नको. रडरची केबल, दोन पेडलं, गेज आणि ताण देण्याचा साधा सांगाडा एवढ्यावर सुरुवात होते, आणि यातलं बहुतेक सामान कोल्हापूरचं उद्यमनगर आठवड्याभरात करून देईल.