नाल्याकाठचे डुक्कर आणि ‘स्वाइन फ्लू’

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले, दोन-चार जणांचा ‘एच१एन१’चा अहवाल पॉझिटिव्ह आला, की कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यात एक मागणी हमखास ऐकू येते: नाल्याकाठी आणि कचराकुंडीजवळ फिरणारी डुकरे पालिकेने आधी उचलावीत. मुंबईचा बहुतांश कचरा रोज ज्या भागात येऊन पडतो, तिथल्या रहिवाशांनी दुर्गंधी, डास आणि डुकरे यांना वैतागणे स्वाभाविकच आहे. मोकाट डुकरे हटवावीत याला आरोग्याची इतर अनेक कारणेही आहेत. पण ‘स्वाइन फ्लू’ हे त्यांपैकी नाही. शेजारच्या घरातला ताप त्या डुकराकडून आलेला नसतो. तो लोकलच्या डब्यातून, शाळेच्या वर्गातून किंवा कार्यालयातल्या बंद वातानुकूलित खोलीतून, म्हणजे माणसाकडूनच आलेला असतो.

मग नावात ‘स्वाइन’ कशासाठी? कारण हा विषाणू जन्मला डुकरांमध्ये. २००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत तो माणसांत सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. तो भारतातला पहिला बळी. त्यानंतरचे ते दिवस अनेकांना आठवत असतील. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाकडे धावणारे पालक, बंद ठेवलेल्या शाळा आणि मल्टिप्लेक्स, तोंडाला बांधलेले रुमाल. कोविडच्या अकरा वर्षे आधी मुंबई-पुणेकरांनी मास्कचा काळाबाजार पाहिला होता. या संपूर्ण काळात आपल्याकडे संसर्गाची साखळी माणसाकडून माणसाकडे अशीच होती. पुढे २०१५ मध्ये देशात सुमारे ४२ हजार रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले, तेही याच साखळीतून. २००९ चा विषाणू आता आपला नेहमीचा मोसमी फ्लू झाला आहे. खरे तर जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्वाइन फ्लू’ हे नाव ३० एप्रिल २००९ पासूनच वापरणे बंद केले होते. आपण ते सोडले नाही, आणि त्या नावाने आपली नजर चुकीच्या डुकराकडे वळवली.

लक्ष द्यायला हवे ते नाल्यातल्या डुकराकडे नव्हे, फार्मवरच्या डुकरांकडे. डुकराच्या श्वसनमार्गातील पेशींवर पक्ष्यांचे फ्लू-विषाणू चिकटू शकतील असेही ‘आकडे’ असतात आणि माणसांचे विषाणू चिकटतील असेही. फ्लूच्या विषाणूची जनुकीय सामग्री आठ सुट्या तुकड्यांत असते, शिवण नसलेल्या आठ पानांच्या वहीसारखी. एकाच डुकराला एकाच वेळी दोन वेगळ्या विषाणूंची लागण झाली, की पानांची अदलाबदल होऊ शकते आणि तिसरीच वही तयार होते. २००९ चा विषाणू असाच बनला. त्याचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतील डुकरांमध्ये १९९८ पासून आढळणाऱ्या विषाणूच्या वंशातले होते. त्या वंशातच पक्षी, माणूस आणि डुक्कर या तिघांचा वाटा होता. उरलेले दोन तुकडे युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूकडून आले. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या डुकरांचे विषाणू एकत्र यायला जिवंत डुकरांचा व्यापार कारणीभूत होता, असे संशोधक मानतात.

डुकरांना हा आजार होतो तेव्हा तो फारसा नाट्यमय नसतो. ताप, खोकला, नाक वाहणे, खाणे सुटणे. कळपातली बहुतेक सगळी जनावरे दोन-तीन दिवसांत आजारी पडतात आणि आठवड्याभरात उठून खाऊ लागतात. मरणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते. इथेच खरी अडचण आहे. ‘आफ्रिकन स्वाइन फीवर’ या वेगळ्या रोगाने २०२० पासून आसाम आणि ईशान्य भारतातले कळप संपवले, तेव्हा सगळी यंत्रणा हलली. (नावे सारखी वाटली तरी त्या रोगाचा फ्लूशी काही संबंध नाही आणि तो माणसाला होत नाही.) डुकरांच्या फ्लूने मालकाचे एवढे नुकसान होत नाही, म्हणून तो कोणाला कळवतही नाही. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या नोंदणीयोग्य रोगांच्या यादीतही तो नाही. मोठ्या फार्मवर दर काही आठवड्यांनी नवी पिल्ले जन्मतात, प्रतिकारशक्ती नसलेली. त्यामुळे विषाणूला नवे घर मिळत राहते आणि तो वर्षभर कळपात टिकतो.

आता थोडे उलट बाजूने पाहू. वाहतूक दोन्ही दिशांनी चालते, आणि जास्त वाहतूक माणसाकडून डुकराकडे होते. २००९ च्या मे महिन्याच्या आरंभी कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या एका फार्मवर डुकरांमध्ये नवा विषाणू सापडला. तो माणसाकडून आला असावा असाच संशय होता. त्यानंतर अनेक देशांतल्या डुकरांमध्ये तो पुन्हा पुन्हा शिरलेला आढळला. म्हणजे आपला मोसमी फ्लू डुकरात जातो, तिथे वर्षानुवर्षे बदलत राहतो आणि आपली नवी पिढी जुन्या रूपाला विसरली की परत येऊ शकतो. अमेरिकेत २०१२ च्या उन्हाळ्यात हे दिसले. कृषी मेळ्यांत डुकरांच्या सहवासातून तीनशेहून अधिक लोकांना डुकरांमधल्या ‘एच३एन२’ची लागण झाली. त्यांत बहुसंख्य मुले होती. मोठ्यांच्या शरीराला त्या विषाणूच्या जुन्या नातलगांची ओळख होती, मुलांना नव्हती. ती साथ पसरली नाही, हे सुदैव.

सध्याची चिंता त्याहून वेगळी आहे. बर्ड फ्लूचा ‘एच५एन१’ २०२४ मध्ये अमेरिकेत गाईंच्या गोठ्यांत शिरला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ओरेगॉन राज्यातील एका छोट्या फार्मवर डुकरातही सापडला. त्या फार्मवर पाचच डुकरे होती. कोंबड्या आणि डुकरे यांची जागा, पाणी, घमेली सगळे एकच होते. हे वर्णन वाचताना आपल्याकडचे कितीतरी वाडे डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्राला हा विषाणू नवा नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातला पहिला उद्रेक झाला. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा, २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका, २०२५ च्या जानेवारीत उदगीरचे कावळे. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एका बिबट्याच्या मृत्यूमागे हाच विषाणू निघाला. बाधित मांसातून तो पोहोचल्याचा संशय आहे. या प्रत्येक वेळी कोंबड्या मोजल्या गेल्या, मारल्या गेल्या, पुरल्या गेल्या. आसपासच्या डुकरांच्या नाकातले नमुने हा त्या कामाचा ठरलेला भाग असायला हवा.

डुकरे मारून टाकणे हा उपाय मात्र नाही, आणि कचऱ्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर कैरोची हकिकत जरूर ऐकावी. इजिप्तमध्ये एकही रुग्ण नसताना सरकारने २००९ च्या एप्रिलअखेर देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश काढला. ही डुकरे प्रामुख्याने कैरोतल्या कचरा गोळा करणाऱ्या ‘झब्बालीन’ समाजाची होती. दारोदार जमवलेला ओला कचरा तीच खात. डुकरे गेली, तसा ओला कचरा उचलण्यात त्या लोकांना काही अर्थ उरला नाही. काही महिन्यांत शहराच्या रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग लागले. फ्लू तर आलाच.

आपल्याकडेही हॉटेलांचे आणि लग्नाच्या हॉलचे उरलेले अन्न ड्रममध्ये भरून डुकरे पाळणाऱ्यांकडे जाते. हा व्यवहार बहुतेक वेळा कागदावर नसतो, आणि तो करणारी माणसे पालिकेच्या गाडीला घाबरून असतात. त्यांना नोंदणी, पशुवैद्य आणि आजार कळवल्यास नुकसानभरपाईची खात्री मिळाली तरच ती खोकणारे डुक्कर दाखवतील. डुक्कर जप्त करायला येणाऱ्या माणसाला कोणी ते दाखवणार नाही. शिवाय पाळणाऱ्याला स्वतःला दरवर्षी फ्लूची लस देणे हा दोन्ही दिशांची वाट अरुंद करणारा, स्वस्त उपाय आहे. ताप असलेल्या माणसाने गोठ्यात जाऊ नये, कोंबड्या आणि डुकरे एकत्र ठेवू नयेत, हेही तितकेच साधे आहे.

बाकीच्यांनी डुकराच्या मांसाची भीती बाळगण्याचे कारण नाही. नीट शिजवलेल्या मांसातून फ्लू होत नाही. गर्भवती, मधुमेही, दम्याचे रुग्ण आणि साठी ओलांडलेल्यांनी पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. तीव्र ताप, धाप लागणे अशी लक्षणे असतील तर दोन दिवस वाट पाहत बसू नये, कारण ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते.

पाळतीसाठी मुंबईला फार नवे बांधावे लागणार नाही. देवनारच्या पशुवधगृहात डुकरांसाठी स्वतंत्र विभाग आहे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कस्तुरबा रुग्णालयात कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, विषाणूंचा जनुकीय क्रम वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि भोपाळमध्ये प्राण्यांच्या रोगांची उच्चसुरक्षा प्रयोगशाळा आहे. माणूस आणि प्राणी यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला २०२२ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात बसली. देवनारला येणाऱ्या डुकरांपैकी काहींच्या नाकातला बोळा दर आठवड्याला घ्यायचा, तो परळमार्गे कस्तुरबापर्यंत पोहोचवायचा आणि निष्कर्ष जाहीर करायचे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. माणसांचा आणि जनावरांचा दवाखाना वेगवेगळ्या खात्यांत असल्याने त्या बोळ्याचा खर्च कोणी करायचा, हे मात्र आधी ठरवावे लागेल.