गणित बरोबर, उत्तर चूक

आकड्यांनी वाटेल ते सिद्ध करता येते, असे म्हणण्याची आपल्याकडे एक सुशिक्षित तऱ्हा आहे. महागाईचा आकडा जाहीर झाला की हे वाक्य येते, निवडणुकीचा अंदाज फसला की येते, डॉक्टरांनी एखाद्या औषधाचा गुण टक्क्यांत सांगितला की येते. आणि बोलणारा गृहस्थ आपण काही फार मार्मिक बोललो अशा समाधानाने चहाची कपबशी खाली ठेवतो. माझे या वाक्याशी जुने वैर आहे. ते खोटे आहे हे तर खरेच. पण माझा खरा राग ते आळशी आहे यावर आहे. आकड्यांनी वाटेल ते सिद्ध होत नाही. आकड्यांना भलत्या रीतीने प्रश्न विचारला तर ते भलते उत्तर देतात एवढेच, आणि ते उत्तर काढताना बेरीज-भागाकार मात्र बिनचूक असतात. रीत कोणती लावली आणि तीच का, हे विचारण्याचा कंटाळा असलेला माणूस सगळ्याच आकड्यांना लबाड ठरवून मोकळा होतो. यात खऱ्या लबाडाचे फार फावते; सर्वच आकडे सारखे खोटे ठरले की त्याचाही आकडा खऱ्यांच्या पंक्तीला येऊन बसतो.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा स्वयंपाकघरापासूनच आरंभ करू. फराळाला २० माणसे यायची आहेत. गेल्या वर्षी माणशी सरासरी ६ चकल्या लागल्या. घरच्या कर्त्या बाईने १२० चकल्यांची भाजणी काढली तर तिचा हिशेब चोख आहे. तिला एकंदर किती लागेल हे हवे होते, आणि एकंदराच्या प्रश्नाला सरासरीसारखे दुसरे साधन नाही. पण तोच ६ चा आकडा हाती धरून तिने प्रत्येकाच्या ताटात मोजून ६ चकल्या वाढल्या, तर आजोबांच्या ताटात ५ तशाच राहतील आणि बारा वर्षांचा नातू रुसून उठेल. आकडा तोच, भागाकार तोच. डब्यापाशी तो शहाणा होता, ताटापाशी वेडा ठरला. कारण प्रश्न बदलला. डब्याचा प्रश्न वेगळा आणि ताटाचा वेगळा, हे ज्या माउलीला कोणी शिकवावे लागत नाही, तिच्याच घरातले पदवीधर उद्या वर्तमानपत्रात ‘दरडोई सरासरी उत्पन्न’ वाचून देशातला दर माणूस तेवढे मिळवतो असे समजून चालतात!

पगाराचेच पाहा. एका कचेरीत दहा माणसे. नऊ जणांना महिना २० हजार आणि साहेबांना ३ लाख. सरासरी पगार ४८ हजार. जाहिरातीत हा आकडा छापला तर त्यात असत्याचा लवलेश नाही, आणि तरीही तो वाचून नोकरीला येणाऱ्या तरुणाची शुद्ध फसवणूक होईल. दहाही जणांना पगाराच्या क्रमाने उभे करून मधल्या माणसाचा पगार पाहावा, त्याला संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात. तो इथे २० हजार भरतो, आणि तरुणाला हवा होता तो हाच. मात्र मध्यक सज्जन आणि सरासरी दुर्जन असे कोणी समजू नये. त्याच कचेरीच्या मालकाला पगारावर वर्षाला किती पैसा जातो हे काढायचे असेल तर तिथे मध्यक कुचकामाचा; सरासरीच हवी.

पण रीत निवडायची म्हणजे आकडे हाती आल्यावर कोणता भागाकार करायचा एवढेच नव्हे. आकडे गोळा कसे करायचे इथूनच निवड सुरू होते, आणि मोठ्यांचे पाय पुष्कळदा इथेच घसरतात. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने टपालाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठविल्या; २० लाखांहून अधिक भरून परत आल्या. आधीच्या निवडणुकांत या साप्ताहिकाचे भाकीत खरे ठरले होते, त्यामुळे त्याचा दबदबाही मोठा. या वेळी त्याने सांगितले की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे दूरध्वनी नव्हता आणि मोटारही नव्हती त्यांना कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांना विचारले त्यांपैकी पाऊण हिस्सा लोकांनी उत्तरच धाडले नाही, आणि उत्तर धाडणारे व न धाडणारे यांचे मत एक नव्हते. जॉर्ज गॅलपने त्याच्या कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्टचा विजय सांगितला होता. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. आता त्याची जागा मोबाइलवरच्या मतकौलांनी घेतली आहे. ‘लाखो वाचकांचा कौल’ असा मथळा दिसला की मला त्या २० लाख मतपत्रिकांची आठवण होते.

नमुना मोठा असला म्हणजे खरा असतो, ही समजूत साध्या माणसांचीच असते असे मात्र नाही. या बाबतीत आपल्याकडे एक फार सुंदर वाद होऊन गेला आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत नसावा याचे मला वाईट वाटते. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. यंदा दहा आणे की सहा आणे, हे शेतावर नजर टाकून ठरवायचे. सारा माफ व्हायचा की नाही हे त्यावर अवलंबून, त्यामुळे बघणाऱ्याच्या नजरेत पिकाखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी येत! नजरेच्या जागी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतात चिठ्ठ्या टाकूनच निवडलेला तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा, ही रीत आली ती १९४० च्या आगेमागे. बंगालमध्ये तिचा पुरस्कार केला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. इकडे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी.

तुकडा किती मोठा असावा यावर दोन्ही पक्षांचे कडाक्याचे भांडण झाले. महालनोबिस म्हणत, लहान तुकडे कापा. काम झटपट होते, खर्च कमी येतो, आणि तेवढ्याच पैशात पुष्कळ शेते पाहून होतात. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा खोटे बोलतो. कसे ते पाहण्यासारखे आहे. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड जास्त. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. पीक टाकवत नाही, मनुष्यस्वभाव आहे. मोठ्या तुकड्यात या चार कणसांनी काही बिघडत नाही. लहान तुकड्यात मात्र तेवढ्याने एकरी उतारा फुगतो. शंभराऐवजी हजार तुकडे कापले तरी ही खोट भरून निघत नाही, कारण हजारही तुकडे एकाच बाजूला खोटे बोलतात. योगायोगाची चूक संख्या वाढवून कमी होते. एका बाजूला कललेली चूक संख्या वाढवून फक्त अधिक आत्मविश्वासाने बोलू लागते. माझ्या मते यात दोघांकडेही न्याय होता. महालनोबिसांना स्वतः तयार केलेली स्वतंत्र माणसे नेमायची होती, तेव्हा लहान तुकडा त्यांना परवडला असता. सुखात्म्यांना सरकारी खात्यांच्या नेहमीच्याच माणसांकडून हे काम करून घ्यायचे होते. म्हणजे रीत निवडताना विळा कोणाच्या हातात आहे हेही बघावे लागते. पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणांतून हे सापडत नाही.

आता ज्या वादासाठी मी हे सारे लिहायला बसलो त्याकडे येतो. तो चकलीचा नव्हे, भाकरीचा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. दररोज माणशी २२५० उष्मांक हे किमान धरून, तेवढे अन्न घेणाऱ्या कुटुंबांचा खर्च किती हे त्यांनी पाहिले, आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यातली सुमारे ४० टक्के व शहरातली सुमारे ५० टक्के प्रजा त्या रेषेखाली असल्याचे सांगितले. सुखात्मे तोवर रोमच्या अन्न व शेती संघटनेतली नोकरी संपवून पुण्यात परतत होते. पुढे त्यांनी आक्षेप घेतला तो असा: गरजेचा जो आकडा तुम्ही धरता तो सरासरी आहे. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसांतही जवळपास निम्म्यांची गरज सरासरीहून कमीच असणार. शिवाय एकाच माणसाचे खाणे आणि गरज दिवसागणिक कमीजास्त होते. मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा? रेषा सरासरीहून पुष्कळ खाली, दोन प्रमाण विचलने खाली, ओढावी. तसे केले की उपाशी माणसांची संख्या एकदम कितीतरी उतरते. पाहणी तीच, माणसे तीच, त्यांचे जेवणही तेच!

दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये त्यांना सडेतोड उत्तर दिले. ज्याला आकड्यांनी वाटेल ते सिद्ध होते असे म्हणायचे आहे त्याला याहून सोयीचे उदाहरण मिळायचे नाही. मी उलट म्हणतो. दोघांची रीत उघड्यावर होती, म्हणूनच दुसऱ्याला तिच्यावर नेमके बोट ठेवता आले. सुखात्म्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे. सरासरी हा डब्याचा आकडा, तो एकेकाच्या ताटावर पट्टीसारखा ठेवता येत नाही. पण त्यापुढे त्यांची रीत लंगडी पडते. कमी खाणारा माणूस आपली गरज कमी म्हणून कमी खातो, असे मानायला आधार काय? कमी खाणारे जर सगळ्या थरांत सारखे विखुरलेले असते तर ते मानता आले असते. ते तर गरिबांतच गोळा झालेले दिसतात. मजुराच्या देहाची गरज नेमकी त्याच्या मजुरीच्या बेताने कमी होते, असा निसर्गाचा नियम कोणी ऐकला आहे? शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे मान्य केले, तरी ते कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न उरतोच. उंची खुंटते, काम मंदावते, पोर खेळायचे सोडून ओट्यावर बसून राहते. वजनकाटा म्हणतो सारे स्थिर आहे. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारशास्त्रज्ञांनी हेच परोपरीने सांगितले. ‘हा माणूस आहे त्या स्थितीत तगून आहे काय?’ या प्रश्नाची रेषा एक, आणि ‘वाढायला, राबायला, खेळायला पुरेल एवढे त्याला मिळते काय?’ याची रेषा दुसरी. यांतला कोणता प्रश्न विचारायचा हे गणित ठरवीत नाही. ते तुम्ही आम्ही ठरवायचे असते, आणि म्हणूनच ते तज्ज्ञांच्या खोलीत दार लावून ठरू देता कामा नये.

आणि तज्ज्ञांच्या खोलीत हल्ली चालते काय? संशोधन करणारा विद्यार्थी शे-दोनशे प्रश्नावल्या भरून आणतो आणि मग संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारतो, “सर, आता याला कोणती टेस्ट लावू?” रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यालाच, भारतातल्या पहिल्या संख्याशास्त्र परिषदेत, बजावून ठेवले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे पुष्कळदा नुसती शवचिकित्सा करवून घेणे होय, प्रयोग कशाने मेला एवढेच तो सांगू शकेल. पण संगणकाला शवाचीही शिसारी नाही. तो विचारील ती टेस्ट करतो आणि खाली ०.०५ हून लहान आकडा उमटला की विद्यार्थी पेढे वाटतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की खरोखर काही फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव तेवढा. आता ज्यांत मुळी काहीच दम नाही अशा २० स्वतंत्र तुलना करून पाहा. त्यांतली एखादी तरी या चाळणीतून सुटण्याचा संभव ६४ टक्के आहे. एकोणीस खिशात ठेवून विसावी छापली की झाला शोध! २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला यावर जाहीर निवेदन काढावे लागले, की एवढ्या एका आकड्यावर निष्कर्ष बेतू नका. निवेदन निघाले, पेढे चालूच आहेत.

यावर कोणी म्हणेल की घरी बसून दिवाळी अंक वाचणाऱ्याने यात काय करायचे? फार नाही. वर्तमानपत्रांकडे एवढेच मागायचे की ज्या टक्क्यावरून तुम्ही मथळा करता त्याखाली कोणाला विचारले, ती माणसे कशी निवडली, किती जणांनी उत्तर दिले नाही, आणि हा आकडा छापण्याआधी आणखी किती आकडे काढून पाहिले, हे लिहा. त्याला चार ओळी लागतात. राशिभविष्याला ते रोज याहून अधिक जागा देतात.