‘थोर शिक्षक’ : बेंद्रे आणि समीक्षेची एक पळवाट

चित्रकार जर प्राध्यापक असेल, तर त्याच्याविषयी लिहिणे आपल्याकडे फार सोपे झाले आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांची नामावली द्यावी, त्याच्या साधेपणाचे नि शिस्तीचे दोन प्रसंग सांगावेत, आणि शेवटी ‘विद्यार्थी हीच त्याची खरी निर्मिती’ असे म्हणून लेखणी खाली ठेवावी. वाक्य गौरवाचे वाटते. वस्तुतः तो निकाल आहे. कारण ‘खरी’ निर्मिती विद्यार्थी ही असेल तर भिंतीवरची चित्रे ही दुय्यम निर्मिती ठरते, आणि ती पाहण्याची जबाबदारी समीक्षकावर उरत नाही. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याबाबतीत गेली कित्येक दशके नेमके हेच घडत आले आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या गौरवालाच आहे.

बेंद्रे यांच्याविरुद्धचा आरोप ठाऊक आहे. त्यांना स्वतःची शैली नव्हती. ते आज घनवादी, उद्या अभिव्यक्तिवादी, परवा अमूर्त नि अखेरीस बिंदुवादी. जे दिसले ते त्यांनी आत्मसात केले, पण कशातच ते मुरले नाहीत. या आरोपाची तथ्ये चूक नाहीत. 1910 मध्ये इंदूरला जन्मलेला हा चित्रकार दत्तात्रेय देवळालीकरांच्या हाताखाली मोकळ्या कुंचल्याचे, उजेडाने भरलेले निसर्गचित्रण शिकला. 1933 मध्ये त्याने मुंबईची सरकारी पदविका मिळवली. 1945 मध्ये शांतिनिकेतनात राहून नंदलाल बोस, रामकिंकर नि बिनोदबिहारी यांचे काम त्याने जवळून पाहिले. आणि 1948 च्या सुमारास तो न्यूयॉर्कमध्ये मुद्राचित्रणाचे तंत्र शिकत होता. म्हणजे 1950 मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विद्याशाखेत तो रुजू झाला, तेव्हा त्याच्याजवळ चार वेगवेगळ्या भाषा होत्या. आरोप करणारे इथपर्यंत बरोबर सांगतात. त्यापुढे मात्र ते एक गोष्ट गृहीत धरतात : एकाच भाषेत बोलणारा तो प्रामाणिक आणि अनेक भाषांत बोलणारा तो दुभाषी.

हे गृहीतक कवितेच्या बाबतीत आपण कधीच टाकून दिले आहे. विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीत लिहिले, तालचित्रे लिहिली, विरूपिका लिहिल्या, गझल लिहिली, बालकविता लिहिली. तेही आयुष्यातील बराच काळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या या बहुरूपतेला आपण ‘प्रयोगशीलता’ हे नाव दिले, आणि ते योग्यच होते. बेंद्रे यांच्या त्याच गुणाला आपण ‘शैलीहीनता’ म्हणतो. कवीच्या बाबतीत समीक्षक प्रत्येक रचनेच्या आत उतरून तिथे काय साधले आहे ते पाहतो, चित्रकाराच्या बाबतीत मात्र तो सहीसारखी ओळखू येणारी शैली शोधतो. या फरकाचे दुसरे कारण मला दिसत नाही. हा शोध समीक्षकापेक्षा चित्रविक्रेत्याला अधिक उपयोगी आहे, हे जाता जाता नोंदवतो.

याहून विचित्र गोष्ट अशी की ही मागणी मर्ढेकरांच्या परंपरेत वाढलेल्यांनी करावी. संवाद, विरोध नि समतोल या लयसंबंधांवर सौंदर्यविधानाची उभारणी करणाऱ्या विचारात कलावंताच्या ‘व्यक्तिमत्त्वा’ला निकष म्हणून जागाच नाही. रंगांची नि आकारांची संघटना या पृष्ठभागावर सिद्ध झाली आहे की नाही, एवढाच तिथे प्रश्न. रूपवादी समीक्षेला बेंद्रे यांच्याइतका सोयीचा चित्रकार मिळणे कठीण होते : विषय साधा, भावनेचा आक्रोश नाही, आणि सर्व भिस्त रचनेवर. तरीही कवितेपाशी कडवे रूपवादी असलेले आपण चित्रापाशी आलो की रोमँटिक होतो. चित्रकाराची तळमळ, त्याचे दारिद्र्य, त्याचे बंड विचारू लागतो. बेंद्रे यांच्या चरित्रात बंड नाही. जाहीरनामाही नाही. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटाकडे दोन्ही होते, म्हणून आपल्या आधुनिकतेचा इतिहास तिथून सुरू होतो आणि पगारी प्राध्यापकाला त्याच्या तळटीपेत जागा मिळते.

आता बडोदा. ही जागा आपण नीट पाहिलेली नाही. गायकवाडांच्या या नगरीत राजा रविवर्म्याने काम केले होते आणि कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोसांनी भित्तिचित्रे रंगवली होती. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन परंपरा त्याच गावात उभ्या होत्या. 1950 मध्ये सुरू झालेल्या विद्याशाखेने त्यांच्यापैकी एकीची निवड केली नाही. मार्कंड भट्ट, शंखो चौधरी, बेंद्रे आणि वर्षभरात आलेले के. जी. सुब्रमण्यन ही माणसे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली होती, आणि अभ्यासक्रम विद्यापीठीय पदवीचा होता, कारागिरीच्या पदविकेचा नव्हे. कलेचा इतिहास नि सौंदर्यशास्त्र हे चित्रशाळेतल्या कामाइतकेच अभ्यासाचे विषय होते. अशा ठिकाणी चित्रकला विभागाच्या प्रमुखाने एकच शैली घट्ट धरली असती तर काय झाले असते? एक घराणे झाले असते. गाण्यात घराण्याचे काय होते ते मराठी वाचकाला सांगायला नको : गळा सुरेल असला तरी आवाज गुरूचा येतो.

बेंद्रे यांचे घराणे नाही. शांती दवे अमूर्ताकडे गेले. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे नि छायाचित्रणाकडे. गुलाम रसूल संतोष तांत्रिक आकृतिबंधाकडे. हिम्मत शाह मातीतल्या मस्तकांकडे. गुलाम मोहम्मद शेख कथनात्मक, अनेककेंद्री चित्राकडे. रतन परिमू कलेतिहासाकडे. यांपैकी एकाच्याही कामावर बेंद्रे यांची मुद्रा नाही. नामावली देणारा लेखक ही नावे गौरव म्हणून देतो आणि त्यांच्यातील विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात आली असती तर ज्याला तो शैलीचा अभाव म्हणतो तीच अध्यापनाची पद्धत होती, असा संशय तरी त्याला आला असता. विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र रंगवून दाखवणारा शिक्षक जेव्हा घनवाद हा सिद्धांत म्हणून न मांडता व्याकरण म्हणून वापरून दाखवतो, आणि पुढच्या वर्षी दुसरे व्याकरण घेतो, तेव्हा विद्यार्थी कोणतेही व्याकरण देववाणी मानीत नाही. 1956 मध्ये ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ स्थापन झाला, त्यात शिक्षक नि विद्यार्थी एकाच भिंतीवर आले. पुढे 1963 च्या ‘ग्रुप 1890’ मध्ये शेख, ज्योती भट्ट, हिम्मत शाह ही याच शाळेतली माणसे होती. युरोपीय आधुनिकतेची उसनवारी नि बंगाली पुनरुज्जीवनाची भावुकता या दोहोंवर त्या गटाने हल्ला चढवला. पहिला घाव बेंद्रे यांच्या पिढीवरही होता. विद्यार्थ्यांना हे करता आले, याचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न आपल्या लेखनात विचारलाही जात नाही.

मात्र मी इथे थांबलो तर पुन्हा विद्यार्थ्यांच्या आडूनच बेंद्रे यांचे समर्थन होईल. म्हणून चित्राकडे यावे. 1955 च्या ‘काटा’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षक वाचताच पायातला काटा काढणारी मंदिरशिल्पांतली स्त्री आठवते. खजुराहोच्या भिंतींवर ती आहे. मांडणी घनवादी आहे. उसनवारीचा आरोप करणाऱ्यांना या चित्रात पॅरिस दिसते, आणि तिथेच ते वाचन संपवतात. पॅरिसमध्ये घनवाद हा दृष्टीविषयीचा प्रश्न होता. बडोद्यात तो येईतो त्याला चार दशके होऊन गेली होती, प्रश्न सुटला होता किंवा शिळा झाला होता. हे मान्यच करावे लागेल. पण मर्ढेकरांच्या हातीही इंग्रजी आधुनिक कविता अशीच उशिरा नि तयार स्वरूपात आली, आणि तिथे आपण प्रभाव, आत्मसातीकरण, रूपांतर अशा किती बारीक पायऱ्या केल्या! चित्रकारासाठी ‘अनुकरण’ हा एकच शब्द पुरतो, याचे कारण चित्र वाचण्याची आपली भाषाच तेवढी आहे.

उत्तरकाळाविषयी मी बेंद्रे यांची वकिली करणार नाही. 1959 मध्ये ते विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले आणि 1966 मध्ये राजीनामा देऊन मुंबईस आले. 1992 मध्ये निधन होईपर्यंत ते रंगवीत राहिले. 1971 च्या प्रदर्शनापासून बिंदुवादी चित्रांचा जो ओघ सुरू झाला, त्यात घागरी घेतलेल्या, बाजारात बसलेल्या स्त्रिया पुन्हापुन्हा येतात. स्यूराच्या बिंदूमागे प्रकाशाचे शास्त्र होते. बेंद्रे यांचा बिंदू कापडाच्या विणीसारखा आहे, तो पृष्ठभाग एकसंध राखतो पण रंगारंगांतला विरोध बोथट करतो. ज्या चित्रकाराने आयुष्यभर एका शैलीत अडकण्याचे नाकारले, तो अखेरीस ओळखू येईल अशा एका शैलीत स्थिरावला, आणि लोकप्रियता नि बाजारातला मान त्याला या शैलीने दिला. ‘स्वतःची शैली’ मागणाऱ्यांची मागणी इथे पूर्ण झाली, असे खेदाने म्हणावे लागते.

एक तांत्रिक गोष्ट मात्र सांगायला हवी. आपल्यापैकी बहुतेकांनी ही चित्रे दिनदर्शिकांत नि मासिकांत पाहिली आहेत. छपाई स्वतःच ठिपक्यांची असते. छापखान्याच्या ठिपक्यांत चित्रकाराचे ठिपके विरघळतात, रंगाचा थर नि कुंचल्याचा दाब नाहीसा होतो, आणि उरते ती गोड छटा. त्या गोडपणावर आपण मत बनवले. कवितेवर तिचा सारांश वाचून लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हणणार नाही.

‘काटा’ आणि त्याच दशकातली बेंद्रे यांची अमूर्ताकडे झुकलेली चित्रे समोरासमोर ठेवून, शेजारी त्याच वर्षांतले शांती दवे नि ज्योती भट्ट यांचे काम मांडून, शिक्षकाच्या कुंचल्यातून काय गेले नि काय नाकारले गेले हे रेषेरेषेने दाखवणारा एकही मराठी लेख माझ्या वाचनात नाही. तो लिहिण्यासाठी बडोद्याला नि दिल्लीला जाऊन मूळ चित्रांसमोर उभे राहावे लागेल. आठवणी लिहिण्यासाठी ते लागत नाही.