स्वस्त कॅमेऱ्याचा महाग हिशोब

आमच्या कापडाच्या धंद्यात 'ग्रे' हा शब्द रोजचाच आहे. मागावरून उतरलेले, रंगाई-धुलाई न झालेले कोरे कापड म्हणजे ग्रे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बाजारात ग्रे मालाचा भाव विचारण्यात लपवाछपवी काहीच नसते. कॅमेऱ्याच्या बाजारातही 'ग्रे माल' असतो हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. पुढे ते हसू फार दिवस टिकले नाही.

झाले असे की, साड्यांचे फोटो काढून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मोबाईलवर पाठविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. फोटोत राणी रंग लाल दिसला की माल परत येतो आणि भाडे आपल्या अंगावर पडते. म्हणून दुकानासाठी चांगला कॅमेरा घ्यायचे ठरले. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याने एका नामांकित कंपनीचा कॅमेरा निवडला. अधिकृत दुकानात त्याची किंमत करासह १,१८,००० रुपये होती. तोच कॅमेरा इंटरनेटवर एका विक्रेत्याकडे १,०२,००० रुपयांना मिळत होता. भाचा म्हणाला, "मामू, माल अस्सल आहे, डबा सीलबंद आहे, सोळा हजार वाचतात." मी होकार दिला.

माल खरोखरच अस्सल निघाला. आठव्या महिन्यात शटर बिघडले. कंपनीच्या सेवा केंद्रात कॅमेऱ्याचा क्रमांक पाहून सांगण्यात आले की, हा भारतासाठी आलेला माल नाही, मोफत दुरुस्ती होणार नाही. १४,५०० रुपये मोजले आणि ऐन लग्नसराईत तीन आठवडे कॅमेरा अडकून पडला. विक्रेत्याने 'एक वर्षाची दुकानाची वॉरंटी' कबूल केली होती. त्याचा फोन लागेनासा झाला.

हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. ग्रे माल म्हणजे नकली माल नव्हे. तो त्याच कारखान्यात बनतो, परंतु दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेला असतो आणि कंपनीच्या अधिकृत आयातदाराला वळसा घालून इथे येतो. काही माल आयातीचा कर भरून येतो, काही प्रवाशांच्या सामानातून कर चुकवून येतो. ग्राहकाला डबा पाहून हा फरक सहसा कळत नाही. कधी किटमधील लेन्स वेगळी काढून साध्या पांढऱ्या खोक्यात विकतात, कधी मूळ बॅटरी व चार्जर काढून घेऊन हलक्या प्रतीचे घालतात. सोनी कंपनी जपानच्या बाजारासाठी जे कॅमेरे बनवते, त्यातील पुष्कळांमध्ये मेनू फक्त जपानी भाषेत असतो. तो इथे घेऊन आपण काय करणार?

आता हिशोब पाहा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. (३१ डिसेंबर २०१८ पर्यंत तो २८ टक्के होता.) म्हणजे १,१८,००० मध्ये १८,००० कराचे. मी नोंदणीकृत व्यापारी आहे. दुकानासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याचे पक्के बिल असते तर या १८,००० चे क्रेडिट मला मिळाले असते आणि कॅमेरा एक लाखाला पडला असता. ग्रे विक्रेत्याने जीएसटी क्रमांक नसलेला साधा कॅश मेमो दिला होता. म्हणजे वाचले काहीच नाही. पहिल्याच दिवशी मी २,००० रुपये जास्त मोजले होते! सुताच्या गाठोड्यावर एक रुपयाचे क्रेडिट न सोडणारा मी, इथे सोळा हजारांच्या लोभात अठरा हजार सोडून बसलो. दोष विक्रेत्याचा आहेच, पण माझाही कमी नाही.

ज्यांची जीएसटी नोंदणी नाही किंवा जे कंपोझिशन योजनेत आहेत, त्यांना हे क्रेडिट मिळत नाही. तरीही पक्के बिल नसेल तर विमा उतरविताना अडचण, चोरी झाल्यास मालकी सिद्ध करताना अडचण आणि पुढे कॅमेरा विकायला काढला तर गिऱ्हाईक आधी बिल मागते.

आमच्या तरुणपणी गोष्ट वेगळी होती. आखातातून सुट्टीवर येणारा माणूस याशिका कॅमेरा गळ्यात घालून उतरायचा. मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना 'फॉरेन'च्या मालासाठी प्रसिद्ध होते. तेव्हा आयातीवर बंधने होती, जकात जबर होती आणि परदेशी कंपन्यांची दुकाने इथे नव्हती. १९९१ नंतर दारे उघडत गेली आणि १ एप्रिल २००१ ला ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही उठली. आज कॅनन, निकॉन, सोनी या सर्वांच्या भारतीय कंपन्या आहेत, सेवा केंद्रे आहेत. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग असून आपण चोरवाट धरतो.

कायदा काय म्हणतो? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधीच्या खटल्यात असा निर्णय दिला की, परदेशात रीतसर विकला गेलेला अस्सल माल आयात करून इथे विकण्यास ट्रेडमार्क कायदा आड येत नाही. पण हा माल कंपनीने आयात केलेला नाही आणि वॉरंटी व सेवा कंपनीची नसून विक्रेत्याची आहे, हे दुकानात ठळकपणे लावण्याची अट घातली. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसारही विक्रेत्याचे नाव-पत्ता, मालाचा मूळ देश आणि वॉरंटीची माहिती ग्राहकासमोर मांडणे बंधनकारक आहे. थोडक्यात, कर भरून आणलेला ग्रे माल सांगून विकणे हा व्यापार आहे, न सांगता विकणे हा दगा आहे.

तेव्हा इंटरनेटवर कॅमेरा घेणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, मोठ्या संकेतस्थळाचे नाव पाहून निश्चिंत होऊ नये. त्या पानावर माल प्रत्यक्ष विकणारा कोण आहे ते पाहावे आणि त्याचे नाव कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत शोधावे. दुसरी, 'सेलर वॉरंटी', 'इम्पोर्टेड', 'विदाऊट बिल' असे शब्द दिसले की तिथेच थांबावे. तिसरी, पैसे देण्यापूर्वी विचारावे की, कॅमेऱ्याचा सिरीयल क्रमांक घातलेले जीएसटी बिल मिळेल काय? विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव कुणालाही तपासता येते. चौथी, पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. डब्यावर भारतीय आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत व तक्रारीचा फोन क्रमांक छापलेला हवा. डबा, कॅमेरा व वॉरंटी कार्ड यांवरील क्रमांक एकच हवा. त्याच दिवशी कंपनीकडे नोंदणी करावी. क्रमांक स्वीकारला गेला नाही तर परत करण्याची मुदत हातात असते.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र एक बाब ध्यानात ठेवावी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी कॅमेरा घेणारा फोटोग्राफर ग्राहक ठरतो. माझ्यासारख्या दुकानदाराला ते दार बंद होऊ शकते. आपण तर अधिकच सावध असले पाहिजे.

शेवटी, हा माल विकणाऱ्या बंधूंना दोन शब्द. आपल्या अनेक तरुणांचे पोट मोबाईल-कॅमेऱ्याच्या दुकानांवर चालते. मी त्यांच्या रोजीवर उठलेलो नाही. पण कापडात डाग असेल तर आमचे वडील ठाण उलगडून गिऱ्हाईकाला आधी तो डाग दाखवीत आणि मग भाव सांगत. भाव कमी मिळे, गिऱ्हाईक मात्र पुढच्या ईदलाही येई. कॅमेऱ्याची वॉरंटी इथे चालणार नाही हाही एक डागच आहे. तो दाखवा, भाव कमी सांगा आणि बिल द्या. मग घ्यायचे की नाही ते घेणारा ठरवील.