तुरीतला न दिसणारा पाहुणा

दिवाळीत भालकीला गावी गेलो होतो. तूर फुलोऱ्यात होती. बांधालगतची चार-पाच झाडं मात्र हिरवीगार, झुडपासारखी, पण एकही फूल नाही. नात म्हणाली, "आजोबा, ही रुसलीत का?"

आमचे आबा अशा झाडाला 'वांझ' म्हणत आणि नशिबाला बोल लावत. दोष नशिबाचा नव्हता, झाडाचाही नव्हता. दोष होता एका कोळ्याचा. हा जाळं विणत नाही. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, पाय चारच. वाऱ्यावर येतो आणि विषाणू सोबत आणतो.

या रोगाची नोंद १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथे झाली. कोळ्याला शास्त्रीय नाव मिळालं १९६६ साली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या चन्नबसवण्णांनी त्याचं वर्णन केलं. अशा जिवाचं वर्णन म्हणजे काचपट्टीवर ठेवून अंगावरची वलयं आणि केसांची लांबी मोजणं! नाव ठेवलं 'असेरिया कजानी', तुरीच्या 'कजानस' या नावावरून. विषाणू ओळखायला पुढे आणखी तीसेक वर्षं गेली.

चोर कळला की वाटही कळते. बांधावरच्या जुन्या तुरीत हा कोळी उन्हाळा काढतो, म्हणून ती ठेवायची नाही. रोगट रोप दिसताच उपटायचं. मराठवाड्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने 'बीएसएमआर ७३६' हा या रोगाला दाद न देणारा वाण दिला आहे.

मुलांनो, आपल्या शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. पुढच्या वेळी वरण-भात जेवताना तिच्या या नकोशा पाहुण्याचीही आठवण ठेवा. नातीने ती झाडं स्वतः उपटली. 'वांझ' हा शब्दही आम्ही तिथेच टाकून आलो.